मुळात नसलेली सात पानं

अमरावती,
बुधवार, ५ डिसेंबर २००७

प्रिय साधना,

हे पत्र तानुबाईच्या हाती देते आहे. तिला वाचता येत नाही आणि उगाच चौकशा करायची सवयही नाही, म्हणून तीच बरी. फोन केला असता, पण तुमच्या घरातला मोबाईल नवऱ्याच्या, देवानंदच्या, खिशात असतो आणि हे त्याच्या कानावर जाण्यासारखं नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. सातवीत वाचनात तुझा पहिला नंबर होता आणि माझा दुसरा, तेव्हा बहाणे करू नकोस. चष्मा शोध, विहिरीकडे जाऊन बस आणि सगळं वाच. मध्येच संतापून फाडलंस तर शेवट कळायचा नाही, आणि तुला तो शनिवारच्या आत कळायला हवा.

आधीच सांगून टाकते, म्हणजे मला गोल गोल फिरता येणार नाही. मी तुझा मोठा अपराध केलाय. तो सहा वर्षांपासून छापील आहे आणि तुला माहीत नाही. माझं ते बेटावरच्या बाईचं पुस्तक आठवतंय ना? जिचं नाव मुळात डॉर्कस, आणि जिला तू पहिल्या दिवसापासून दुर्गीच म्हणत आलीस. त्या पुस्तकात सात पानं अशी आहेत जी मूळ इंग्रजी कादंबरीत नाहीतच. पान एकशे एकेचाळीस ते एकशे सत्तेचाळीस. काल तुझ्या मैनेनं ती शोधून काढली. तिच्या एम.फिल.च्या प्रबंधात ते येणार, म्हणजे भाषांतरकार म्हणून माझं जे काही नाव आहे ते जाणार. त्याची भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण ती पानं कुणाची आहेत हे मैनेला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, याची जास्त वाटते.

माझं हे वेड कुठून सुरू झालं ते तू पाहिलं आहेस. अकोल्याला अब्बांच्या बाइंडिंगच्या दुकानात कॉलेजच्या लायब्ररीचे गठ्ठे यायचे. त्यात एक पुस्तक आलं, कव्हर नसलेलं, पहिली नऊ पानं गायब. शेजारी तुझ्या बाबांच्या फुलांच्या दुकानात बसून मी ते वाचायला घेतलं आणि निम्मं कळलंच नाही. त्यातली माणसं जे इंग्रजी बोलत होती ते आपल्या शाळेतल्या इंग्रजीसारखं नव्हतं. मला वाटलं, छापणाऱ्यानं चुका केल्या. एम.ए.ला गेल्यावर समजलं की ती त्यांची बोली. गुलाम म्हणून आणलेल्या आणि उसाच्या मळ्यांवर राबवलेल्या माणसांनी मालकाची भाषा मोडून आपल्या तोंडाला बसेल अशी करून घेतली होती. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, अरे, ही तर आपली वऱ्हाडी. आपण साधं बोललो तरी पुण्याच्या माणसाला भांडण चाललंय असं वाटतं, त्यांचंही तसंच. तोवर तुझं लग्न होऊन तू वलगावला गेली होतीस, नाहीतर पहिल्यांदा तुलाच सांगितलं असतं.

पुढची वीस वर्षं मी ते एकटीनंच करत राहिले. कॉलेजात कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. प्राचार्यांना सांगितलं की वेस्ट इंडीजच्या साहित्याचा अभ्यास करते, तर त्यांनी मला क्रीडा समितीत घातलं. तीन वर्षं मी क्रिकेटच्या सामन्यांना चहा-पोह्यांची व्यवस्था पाहिली. हसनैन होते तोवर ते तरी ऐकून घ्यायचे, चित्रं काढता काढता. ते गेले आणि घरात पुस्तकं नि मी उरले. मुलंबाळं नाहीत, हे तुला काय सांगायचं. त्या दिवसांत मी कादंबरीची तीन भाषांतरं केली आणि तिन्ही फाडली. प्रमाण मराठीत डॉर्कस बोलायला लागली की ती रेडिओवरची निवेदिका वाटायची. वऱ्हाडीत मी स्वतः लिहायला बसले, तर गणपती करता मारुती झाला. मी वीस वर्षं वर्गात शुद्ध बोलून बोलून माझी जीभ कडक करून घेतली होती.

आणि मग राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या फाटकाजवळ, मेथीच्या ढिगामागे तू सापडलीस. मी ओळखलंच नाही. तूच म्हणालीस, "काय व जबीन, भाव काहून करून राहिली? मी तुयी वही उतरवून देत होती शाळेत." मी तिथेच रडले. तू मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाला पालक दिलास आणि मला थांबायला सांगितलंस.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. सोमवार आणि गुरुवार, माल संपला की तू माझ्या ओसरीवर यायचीस, वलगावच्या गाडीला वेळ असेतो. भाकर आणि ठेचा व्हायचा, मग तू उद्याची भाजी निवडायला घ्यायचीस आणि मी कच्चं भाषांतर वाचायची. कहाणी ऐकताना आपल्याकडे हुंकार देतात तसा तू द्यायचीस, सवयीनं. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की जिथे वाक्य खोटं आहे तिथे तुझा हुंकार थांबतो. तुझं तुलाही कळत नसे. मी तिथे पेन्सिलनं फुली मारायची आणि तुला विचारायची, ती काय म्हणाली असती? तू म्हणायचीस, मी लिहायची. दोघींनीही तोवर समुद्र पाहिला नव्हता, हे लोकांना सांगितलं तर हसतील. तू म्हणाली होतीस, पेढी नदीला पूर आला आणि पलीकडचा काठच नसला तर जसं वाटेल तसं. तेच ठेवलं मी. उसाच्या मळ्याचं प्रकरण आलं तेव्हा तू म्हणालीस, "ऊस काय अन् कापूस काय, कंबर तीच मोडते." तेही ठेवलं. पुण्याच्या प्रकाशकांनी कळवलं, ही बोली विनोदाला चालते, दुःखाला चालत नाही. मी त्यांना असं पत्र लिहिलं की पुन्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. पुस्तक आलं, अभ्यासक्रमाला लागलं, लोक म्हणाले मॅडमनी वऱ्हाडी काय वापरलीय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तू आंधळी नव्हतीस, एवढाच फरक. प्रस्तावनेत मी तुझे आभार मानले, "एका मैत्रिणीचे". नाव घालू का विचारलं तर तू घाबरलीस. मी जास्त आग्रह केला नाही, आणि तो का केला नाही ते आता तुला समजेल.

चैत्रातला गुरुवार होता, तू गवार निवडत होतीस. मी वाचत होते तो भाग असा, की दुर्गी आपली चार वर्षांची पोर आजीपाशी ठेवून थंड देशात कामाला जायला जहाजात बसते. मुळात पुढची दोन पानं ती नुसती रडते, पोरीचा फ्रॉक छातीशी धरून. तुझा हुंकार थांबला. मी शब्द बदलले, पुन्हा वाचलं. हुंकार नाहीच. मी तिसऱ्यांदा बदलले. तेव्हा तू शेंगेवरची नजर न काढता म्हणालीस, "असं नसते व जबीन. मी गेली होती ना."

मी ते इथे पुन्हा लिहिते आहे, कारण मी काय चोरलं ते तुझ्यासमोर नीट ठेवायला हवं. लग्नानंतर बारा वर्षांनी, इतके नवस बोलून झालेली मैना तेव्हा चार वर्षांची होती. विहिरीनं दोन वर्षं तळ दाखवला होता. घरात कुणी मारत नव्हतं, कुणी टाकून बोलत नव्हतं, तू नुसती थकली होतीस. सोळा वर्षं चार वाजता उठत होतीस. अकोल्याला माहेरी जाते म्हणून निघालीस, बडनेऱ्याला गाडीत बसलीस आणि अकोल्याला उतरलीच नाहीस. गाडी अकोल्याच्या पुढे निघाली तेव्हा तुला हसू आलं. भुसावळला भज्यांचा अख्खा पुडा एकटीनं खाल्लास, कुणासाठी दोन बाजूला काढावी लागली नाहीत. मग एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम धरलंस आणि भर दुपारी झोपलीस, लग्नानंतर पहिल्यांदा. दोन दिवस तुला मैनेची आठवण आली नाही. तिसऱ्या दिवशी खानावळवाल्याची पोर गरम पोळी मागायला आली आणि तुझ्या हातातलं लाटणं पडलं. तरी आणखी आठ दिवस तू तिथेच राहिलीस. अकराव्या दिवशी घरी आलीस आणि सगळ्यांना वाटलं, माहेरपण झालं. "देवानंदले बी माईत नाई. झाकली मूठ," तू म्हणालीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, माझ्यापाशीच राहील.

तू गाडीला गेलीस आणि मी लिहायला बसले. शपथेवर सांगते, आधी वाटलं नुसतं उतरवून ठेवू. पण उतरवता उतरवता भुसावळचं बंदर झालं, भज्यांची तळलेली मच्छी झाली, काट्यासकट, डोक्यासकट, एकटीनं खाल्लेली. खानावळीचा जहाजावरचा भटारखाना झाला. दुर्गी हसली आणि झोपली. आयुष्यात इतकं चांगलं मी पुन्हा लिहिलेलं नाही. मी स्वतःला म्हटलं, मी कुणाला सांगितलं कुठे? हे तर त्या बेटावरचं आहे. आणि एक गोष्ट केली, जी चोरीहूनही वाईट आहे. मी फक्त दोन दिवस घेतले. तिसरा घेतला नाही, कारण कादंबरीतली बाई परत येत नाही आणि तिला रडवून मला चालणार नव्हतं. पुस्तक छापून आल्यावर मी तुला ते सगळं वाचून दाखवलं, पाच दुपारी, आणि ती पानं उडवली. तू विचारलंस, जहाजात बसल्यावर दुर्गीचं काय झालं? मी म्हणाले, रडली. तू म्हणालीस, लेखकाले काय समजते. मी मान खाली घालून पुढचं पान उलटलं.

पुढे त्या पानांचंच कौतुक झालं. मूळ लेखिकेची निर्भय दृष्टी, असं एकानं लिहिलं. मी वर्गात ती पानं शिकवली, मोर्शीला व्याख्यानात वाचली. खरं सांगू? चार-पाच वर्षांत मलाच वाटायला लागलं की ती मुळात आहेत. म्हणून तर मैनेनं मूळ पुस्तक मागितलं तेव्हा मी माझी प्रत कौतुकानं तिच्या हातात ठेवली. दुसरी कुठे मिळतही नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तेवढंही उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र एकदा ठेच लागली होती. तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायला सगळीकडून पत्रकार वऱ्हाडात येत होते, तुला ठाऊकच आहे. एका परदेशी बाईला दुभाष्या हवा होता, म्हणून मी गेले. वलगावच्या पुढच्या एका गावात, नवरा जाऊन नऊ दिवस झालेली एक पोरसवदा बाई अंगणात बसली होती. पत्रकार बाईनं विचारलं, तुम्हाला आत काय वाटतं? ती म्हणाली, तूर सोंगायची आहे. तूर कापायची आहे, असं मी तसंच इंग्रजीत सांगितलं. पत्रकार बाईला ते पुरेना. ती म्हणाली, पुन्हा विचारा, रडली का ते विचारा. मी गाडीत जाऊन बसले आणि पुन्हा त्या कामाला गेले नाही. घरी येऊन मी ती सात पानं काढून बसले होते. तेव्हाच तुझ्याकडे यायला हवं होतं. आले नाही. भाजीला राजापेठेत गेले, तुझ्याशी हसून बोलले आणि वांगी घेऊन परत आले.

काल मंगळवारी मैना आली. हातात दोन्ही पुस्तकं, पानापानाला चिठ्ठ्या. कामाला किती चोख झाली आहे पोरगी, मला आधी अभिमानच वाटला. म्हणाली, मावशी, ही सात पानं मला मुळात सापडत नाहीत, तुमच्याकडे दुसरी आवृत्ती होती का? तिनं मला वाचवायला रस्ताही काढून ठेवला होता. हो म्हटलं असतं तर कदाचित सुटले असते. पण ती दुसरी आवृत्ती शोधत जगभर पत्रं पाठवत बसली असती, तिचं वर्ष गेलं असतं. मी म्हटलं, नाही, ती मी रचली. तिनं दोन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला एक स्वल्पविराम हलला तरी पान पुन्हा लिहायला लावलं." मावशीची मॅडम कधी झाले ते मलाही कळलं नाही. ती उठली, चपला घातल्या आणि दारातून परत आली. म्हणाली, रचायचं होतं तर निदान खरं रचायचं. पोर टाकून आलेली बाई मच्छी खाऊन झोपते आणि दोन दिवस तिला लेकरू आठवत नाही? तुम्हाला मूल नाही ना मॅडम, म्हणून तुम्हाला असं सुचलं. माझ्या आईला विचारलं असतंत तर तिनं सांगितलं असतं की आई असं करत नाही.

साधना, त्या एका क्षणात माझ्या जिभेवर तुझं नाव आलं होतं. एक वाक्य बोलले असते की मी मोकळी. मी ते गिळलं. त्याचं श्रेय मला देऊ नकोस, ते गिळायला मला फार जड गेलं, आणि मूल नाही म्हणून जे बोलली ते अजून घशात अडकलेलं आहे.

आता हे पत्र का, ते सांगते. जाता जाता मैना म्हणाली की शनिवारी ती वलगावला येणार आहे, पुस्तक घेऊन. दुपारी तुला समोर बसवून ती सात पानं वाचून दाखवणार आहे आणि विचारणार आहे, आई, कुठली बाई असं करते का? तू जे म्हणशील ते ती तुझ्या शब्दांत, तुझं नाव घालून, प्रबंधाच्या शेवटी टाकणार आहे, की भाषांतरकार बाईंना जे कळलं नाही ते माझ्या शेतकरी आईला कळलं. ही सात पानं तू पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून मी लिहायला बसले. सोबत ती जशी छापली तशी उतरवून जोडली आहेत. तू "नाही करत" म्हणालीस तर मी खोटी ठरेन आणि तुझी पोर खुशीत परत जाईल. मी तीनदा लिहिलं की तसंच म्हण, मला चालेल, आणि तीनदा खोडलं, कारण मला चालत नाही. तू तिला खरं सांगावंस असं मला वाटतं. त्यात माझी सुटका आहे, हे मी लपवत नाही. पण मी तिला दोनच दिवसांची आई दिली आहे, आणि तिसऱ्या दिवसाचं सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. काय म्हणायचं ते तू ठरव. मी कोणाला काही बोलणार नाही, तुला विचारायलाही येणार नाही. वाचून झालं की हे सगळं चुलीत घाल. उद्या गुरुवार आहे. तुझा माल येईल, तू आली नाहीस तरी मी समजेन.

तुझीच,
जबीन